स्वप्नातल्या पुस्तकांचा मालक कोण?

कादंबरीचा वाचक पुस्तक मिटून कपाटात ठेवतो आणि नाटकाचा प्रेक्षक पडदा पडला की घरी जातो. निर्मिती करणारा एक आणि तिचा आस्वाद घेणारा दुसरा, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. तथापि ही विभागणी जेथे मुळीच लागू पडत नाही असा एक कलाप्रकार गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत जन्माला येऊन जगभर पसरला आहे. टेबलाभोवती बसून खेळावयाचे भूमिका-खेळ, ज्यांना इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात, हा तो प्रकार. त्याचे पुस्तक विकत घेणारा मनुष्य ते वाचून बाजूला ठेवीत नाही. ते वाचून झाल्यावर त्याच्या कामाला सुरुवात होते. म्हणूनच या खेळाच्या कोणत्याही जुन्या शौकिनाला, ‘हवे ते पुस्तक काढण्याची मोकळीक मिळाली तर कोणते काढाल?’ असे विचारले, तर उत्तर देण्यास त्याला क्षणाचाही विलंब लागत नाही. ते पुस्तक त्याच्या मनात, आणि पुष्कळदा त्याच्या टेबलाच्या खणात, अर्धेअधिक तयारच असते.

ही स्वप्नातली पुस्तके म्हणजे रिकामटेकड्यांचे मनोराज्य, असे कोणी म्हणेल. परंतु या मनोराज्याच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. अनेकांच्या कल्पनाशक्तीवर जी वस्तू जगते तिची मालकी एकाकडे असावी काय, आणि असली तर ती कोठपर्यंत चालावी? २०२३ च्या जानेवारीत या प्रश्नावरून या खेळाच्या जगात मोठे वादळ उठले. त्या वादळाचा जो निकाल लागला, त्याचा लाभ मराठी भाषकांनाही घेता येण्यासारखा आहे. म्हणून या विषयाची दखल येथे घेणे अगत्याचे वाटते.

दशावतार आणि फासे

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी कोकणातल्या दशावताराचे उदाहरण उपयोगी पडेल. दशावतारी मंडळी रात्रीचे आख्यान ठरवतात, सोंगे वाटून घेतात. पण संवादांची लिखित संहिता त्यांच्याजवळ नसते. पात्रे समोरासमोर उभी राहिली की प्रसंगाच्या ओघात संवाद आपोआप रचले जातात. भूमिका-खेळाचीही रीत काहीशी अशीच आहे. चारपाच जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: समोर पडका किल्ला आहे, दिंडी दरवाजा अर्धवट उघडा आहे, आतून धूर येत आहे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. आपले पात्र आता काय करील हे तो तो खेळाडू सांगतो. तट चढण्यासारखे जोखमीचे काम असेल तर त्याचा निकाल फासा टाकून लावतात. या खेळात सहसा कोणी जिंकत नाही वा हरत नाही. एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने या प्रकारातला पहिला खेळ प्रसिद्ध केला. तीन लहान पुस्तिकांची ती पेटी होती आणि पहिल्या खेपेस तिच्या अवघ्या एक हजार प्रती काढल्या होत्या. त्या पुस्तिकांत नियम होते, राक्षसांची आणि मंत्रांची वर्णने होती. मात्र आयते विश्व नव्हते. ते ज्याचे त्याने रचावे अशीच अपेक्षा होती. दोन वर्षांतच ‘जजेस गिल्ड’ या नावाने काही हौशी खेळाडूंनी एका संपूर्ण काल्पनिक नगराचा नकाशा गल्लीबोळ आणि दुकानांसह विक्रीस आणला. मूळ कंपनीला वाटले होते की असली तयार सामग्री कोण विकत घेणार? ग्राहकांनी ती आनंदाने घेतली. शौकिनाच्या स्वप्नातले पुस्तक बाजारात चालते, हे त्याच वेळी सिद्ध झाले.

उसनवारीतून जन्म

आज या खेळांच्या मालकीविषयी जे आवेशाने बोलतात, त्यांनी एका गोष्टीचे स्मरण ठेवले पाहिजे. हा खेळ स्वतःच उसनवारीतून जन्माला आला. आर्नेसन यांनी आपला प्रारंभीचा खेळ रचला तो डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली मांडलेल्या एका प्रयोगाच्या आधाराने. लढायांचे नियम आले ते गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’ या पुस्तिकेतून. त्यातले अद्‌भुत प्राणी तर काही अंशी टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतून सरळ उचललेले होते. १९७७ च्या सुमारास टोल्किन यांच्या साहित्याचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली, तेव्हा ‘हॉबिट’ या बुटक्या जमातीचे नाव बदलून ‘हाफलिंग’ करावे लागले. म्हणजे सर्वांत मोठा ठरलेला हा खेळ त्याच्या जन्मकाळी चाहत्यांनी दुसऱ्यांच्या विश्वावर रचलेले एक स्वप्नातले पुस्तकच होता.

१९८० साली याच कंपनीने ‘डीटीज अँड डेमिगॉड्‌स’ हा देवदेवतांचा संग्रह काढला. त्यात लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक या लेखकांच्या कथाविश्वांवर दोन प्रकरणे होती. त्या विश्वांवर खेळ काढण्याचे हक्क ‘केऑसियम’ या दुसऱ्या कंपनीकडे असल्याने पुढच्या मुद्रणांतून ती दोन्ही गाळली गेली. त्याच ग्रंथात इंद्र, विष्णू, काली यांचेही वर्णन होते. कोणाला किती घाव सोसतात याचे आकडेही दिले होते. हे प्रकरण मात्र जागच्या जागी राहिले. कारण उघड आहे. इंद्राच्या वतीने हरकत घेणारा कोणी हक्कधारक नव्हता आणि नसावाही. पुराणकथा सर्वांच्या मालकीच्या आहेत, म्हणून तर त्या हजारो वर्षे जगल्या. परंतु सर्वांच्या सामाईक भांडारातून घ्यावयाचे आणि स्वतःच्या भांडाराला मात्र कुलूप घालावयाचे, या व्यवहारातली विसंगती नजरेआड करता येत नाही.

मालकीचा हा तिढा घरातल्यांनाही चुकला नाही. खेळाच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या आर्नेसन यांनाच आपले श्रेय आणि मानधन मिळावे म्हणून १९७९ मध्ये कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले; १९८१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

दार उघडले आणि पुन्हा लोटले

१९९० नंतरच्या दशकात संगणकांच्या जाळ्यावर खेळाडू आपली साहसे एकमेकांना विनामूल्य देऊ लागले, तेव्हा मूळ कंपनीने त्यांना अटकाव करण्याचा मार्ग पत्करला. आपल्याच सर्वांत निष्ठावान ग्राहकांशी तिने वैर धरले. पुढे १९९७ साली कर्जबाजारी झालेली ही कंपनी ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि १९९९ मध्ये त्या कंपनीला ‘हॅस्ब्रो’ या खेळणी-उद्योगाने आपल्या पंखाखाली घेतले.

नव्या मालक कंपनीतील रायन डॅन्सी यांनी २००० साली याच्या अगदी उलट विचार मांडला. इतरांनी आपल्या नियमांवर जितकी अधिक पुस्तके काढावीत तितकी आपल्या मूळ नियमग्रंथाची मागणी वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यातून ‘ओपन गेम लायसेन्स’ नावाचा खुला परवाना अस्तित्वात आला. नियमांचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर आपले पुस्तक रचावे, विकावे, मूळ कंपनीला छदामही देऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. त्यांच्या पुस्तकांत गाळ पुष्कळ होता, दुकानदारांकडे न विकलेल्या प्रती पडून राहिल्या, हेही खरे. परंतु या गाळातूनच उत्तम लेखक आणि चित्रकार पुढे आले.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती काढताना कंपनीने हात आखडता घेतला आणि अधिक जाचक परवाना पुढे केला. परिणाम असा झाला की ‘पायझो’ या प्रकाशन संस्थेने आधीच्या खुल्या नियमांवर २००९ साली ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ उभा केला आणि तो मूळ खेळाचा प्रबळ प्रतिस्पर्धी ठरला. हा धडा पंधरा वर्षे तरी लक्षात राहावयास हवा होता. तो राहिला नाही. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा एक मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना रद्दबातल समजावा, वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांनी वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा द्यावा आणि इतरांनी रचलेला मजकूर वापरण्याचा हक्क कंपनीस असावा, अशा आशयाची कलमे त्यात होती. चाहत्यांनी वर्गण्या बंद केल्या, निषेधाची पत्रे लिहिली. कंपनीने सौम्य केलेला दुसरा मसुदा पुढे करून मते मागवली, तेव्हा पंधरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली आणि त्यांतील ८८ टक्क्यांनी नव्या परवान्याखाली काहीही प्रसिद्ध करण्याची आपली इच्छा नसल्याचे कळवले. २७ जानेवारीस कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तर कायम राहिलाच. शिवाय नियमांचा सुमारे ४०० पानांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखाली खुला झाला. तो परवाना मागे घेता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुधारित नियमांचा गाभाही तसाच खुला करण्यात आला.

खणात अडकलेली विश्वे

नियम मोकळे झाले म्हणजे स्वप्नातल्या पुस्तकांचा मार्ग मोकळा झाला, असे मात्र समजण्याचे कारण नाही. शौकिनांची स्वप्ने बहुतेक वेळा नियमांविषयी नसून विश्वांविषयी असतात. १९९१ चे ‘डार्क सन’ हे असे एक विश्व. जादूच्या हव्यासाने वाळवंट झालेली पृथ्वी, जेथे पाणी आणि लोखंड दोन्ही दुर्मिळ आहेत. १९९५ च्या ‘बर्थराइट’मध्ये खेळाडूंना राज्यकर्त्यांच्या भूमिका मिळतात आणि महसूल, फौज, दरबार यांची चिंता वाहावी लागते. अशा विश्वांचे अपुरे प्रदेश पुरे करावेत, नकाशावर नुसतेच नाव असलेल्या देशाचा इतिहास लिहावा, हे कित्येकांचे जुने स्वप्न आहे. मालकाला त्यात नफा दिसत नाही. चाहत्याला तेथे हक्क नाही. दोघांच्या मध्ये विश्व पडून राहते.

या स्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण २००२ सालचे आहे. विझार्ड्‌स कंपनीने त्या वर्षी नव्या विश्वाच्या कल्पना मागवल्या. सुमारे अकरा हजार प्रस्ताव आले. याचा अर्थ असा की अकरा हजार स्वप्नातली पुस्तके खणांतून बाहेर आली! त्यांतून कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ निवडले गेले आणि २००४ साली ते प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाले. अंतिम फेरीत आणखी दोघांची विश्वे होती. ती दोन्ही कंपनीने प्रसिद्ध केली नाहीत. पैसे देऊन घेतलेली वस्तू वापरावी की न वापरावी हा मालकाचा हक्क आहे, हे कायद्याने निर्विवाद आहे. तरीही जे लिहिले गेले ते वाचकांपर्यंत कधीच जाऊ नये, यात कोणाचे हित साधले, हा प्रश्न उरतोच.

२०१६ मध्ये कंपनीने एक मधला मार्ग काढला. ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ या विक्रीकेंद्रावर चाहत्यांनी तिच्या ठरावीक विश्वांवर पुस्तके काढावीत, विक्रीची निम्मी रक्कम लेखकास मिळावी, उरलेली निम्मी कंपनी आणि विक्रेता यांनी वाटून घ्यावी, अशी ही योजना आहे. अट इतकीच की तेथले पुस्तक अन्यत्र विकता येत नाही आणि कोणते विश्व खुले करावयाचे हे कंपनीच ठरवते. काही नसण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. परंतु कुळाला जमीन कसावयास द्यावी आणि बांध मात्र मालकाने हवे तेव्हा हलवावा, तसा हा व्यवहार आहे.

मालकाची बाजू

मालकाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. ज्याने भांडवल गुंतवले, लेखकांना वेतन दिले, त्याला आपल्या नावाची राखण करण्याचा अधिकार आहे. याच कंपनीला २०२२ मध्ये एका जुन्या खेळाच्या नावाने वंशद्वेषी मजकूर पसरवला जात असल्याची तक्रार घेऊन न्यायालयात जावे लागले. कोणीही उठावे आणि प्रसिद्ध नावाखाली वाटेल ते विकावे, अशी मोकळीक कोणी शहाणा मनुष्य मागणार नाही.

परंतु नावाचे रक्षण आणि कल्पनेची कोंडी या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात हा भेद स्पष्ट केला होता. वाद होता हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीविषयी. पद्धत समजावून सांगणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा प्रताधिकार असतो, प्रत्यक्ष पद्धतीवर नसतो, असा निर्णय झाला. खेळाच्या नियमांनाही तेथे हेच तत्त्व लावले जाते. नियम कोणाच्याही मालकीचे नाहीत. मालकी आहे ती शब्दांची, चित्रांची आणि नावांची.

उदार धोरण ठेवून मालक भिकेला लागतो असेही नाही. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर या दांपत्याने ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ हा खेळ २०१० मध्ये काढला आणि त्याच्या धर्तीवर खेळ रचण्यास कोणाची परवानगी लागत नाही असे जाहीर केले. त्यातून खेळांची एक स्वतंत्र शाखाच फोफावली. १९८७ मध्ये प्रथम निघालेल्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाचा मजकूर त्याच्या प्रकाशकांनी अलीकडे सार्वजनिक परवान्याखाली खुला केला आहे. या मंडळींनी व्यवहार सोडला नाही. त्यांनी चाहत्यांना चोर न समजता सहकारी समजले, इतकेच.

यावरून मोठ्या प्रकाशकांकडे तीन मागण्या करणे रास्त ठरेल. एक, ज्या विश्वावर दहा वर्षांत एकही पुस्तक काढले नाही, ते आपली मालकी कायम ठेवूनही चाहत्यांसाठी खुले करावे. दोन, एकदा दिलेला खुला परवाना मागे घेता येणार नाही असे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. तीन, चाहत्याने स्वतः रचलेली पात्रे आणि स्थळे त्याच्या मालकीची राहावीत. पहिली मागणी नवी वाटेल. पण २००० नंतरच्या काळात याच कंपनीने आपल्या काही बंद विश्वांची निगा चाहत्यांच्या गटांकडे अधिकृतपणे सोपवली होती, हे विसरून चालणार नाही.

मराठीपुढची संधी

आता आपल्या घरचा विचार. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली हे नियम खुले झाले आहेत, त्यात भाषांतराचीही मुभा आहे. मूळ कर्त्याचा उल्लेख करावा, ही मुख्य अट. कंपनीने स्वतः २०२३ मध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतील पाठ खुले केले. मराठी पाठ कोणी कंपनी काढून देईल म्हणून वाट पाहण्याची गरज नाही. तो मराठी माणसाने करावा, विकावा, वाटावा, यास आज कायद्याचा अडसर नाही. मुखपृष्ठावर त्या खेळाचे नाव आपले म्हणून मिरवता येणार नाही, एवढे पथ्य पाळले की झाले.

काम अर्थातच सोपे नाही. शब्दाला शब्द ठेवून ते होणार नाही. क्रिकेटच्या समालोचनाला बाळ ज. पंडितांनी मराठी वळण दिले ते कोशातले शब्द जुळवून नव्हे, तर कानाला रुचेल असे बोलून. या खेळाची परिभाषाही टेबलाभोवती बोलून बोलूनच घडेल. विश्वांची तर आपल्याकडे टंचाई नाही. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा १९२८ साली निवर्तलेल्या नाथमाधवांची ‘वीरधवल’ या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांवर साहसे रचण्यास आज कोणाची परवानगी लागत नाही. सह्याद्रीतले किल्ले, कोकणातली बंदरे, देवराया आणि त्यांचे राखणदार यांवर तर कोणाचा प्रताधिकार कधी नव्हताच.

आपल्या देवतांचे आकडे १९८० साली अमेरिकेत मांडले गेले, याबद्दल त्या ग्रंथकारांना दोष देण्यात अर्थ नाही. जी जागा रिकामी असते ती कोणीतरी भरतो. २०२२ मध्ये त्याच खेळाच्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी आपल्या भूमीच्या छायेत रचलेले साहस समाविष्ट झाले, तेव्हा ती जागा आतून भरली गेली. आतल्या माणसाने लिहिलेले कसे वेगळे असते ते त्यावरून कळावे. मात्र तेही इंग्रजीत आहे. मराठीतले पुस्तक मराठी माणसानेच लिहावे लागेल.

चाहत्याच्या स्वप्नाला आजवर दोन अडथळे होते, एक मालकाच्या परवान्याचा आणि दुसरा स्वतःच्या संकोचाचा. पहिला अडथळा २०२३ मध्ये हजारो सामान्य खेळाडूंच्या निर्धाराने निदान नियमांपुरता दूर झाला आहे. विश्वांपुरता तो दूर व्हावा म्हणून आग्रह चालू ठेवला पाहिजे. दुसरा अडथळा दूर करण्यास कोणत्याही कंपनीची अनुमती लागत नाही. ज्यांच्या खणात अर्धेमुर्धे लिहिलेले पुस्तक पडले आहे, त्यांनी ते बाहेर काढून पुरे करावे.